अद्भुतरम्य कादंबरीमालेचा कोश: सीमाभागातील नव्या सहभागींसाठी मार्गदर्शक

जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटच्या खंडाला लेखकाने स्वतःच सहा परिशिष्टे जोडली होती; त्यांत राजघराण्यांचा इतिहास, वर्षानुक्रम, वंशावळी, दिनदर्शिका, उच्चार व लिपी आणि भाषा यांची माहिती आहे. तरीही वाचकांचे प्रश्न संपले नाहीत. रॉबर्ट फॉस्टर या वाचकाने चाहत्यांच्या एका नियतकालिकात सुरू केलेली नामसूची १९७१ मध्ये ग्रंथरूपाने आली, १९७८ मध्ये ती वाढवून पुन्हा काढण्यात आली, आणि लेखकाचे पुत्र व संपादक ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी ती आपण संदर्भासाठी वापरतो असे लिहून ठेवले. वाचकांनी एखाद्या कल्पित जगाची नोंद ठेवायची आणि ती जाणकारांच्याही उपयोगी पडायची, ही परंपरा इतकी जुनी आहे. आता हेच काम अनेक जण मिळून विकी पद्धतीच्या, म्हणजे सदस्यांना स्वतः लिहिता व दुरुस्त करता येणाऱ्या ऑनलाइन कोशात करतात.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील अशा वाचकांसाठी आहे, ज्यांना आपल्या आवडत्या कादंबरीमालेचा मराठी कोश रचण्याच्या कामात सहभागी व्हायचे आहे, पण सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही. उदाहरणे टॉल्किन यांच्या ग्रंथांतील घेतली आहेत, कारण ते बहुतेकांनी वाचलेले असतात आणि मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवादही उपलब्ध आहे. पद्धत मात्र कोणत्याही मालेला लागू पडते. या साऱ्या कामात एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची मानावी, असे माझे मत आहे: पुस्तक काय सांगते आणि आपल्याला काय वाटते, यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. बाकीचे नियम याच एका गोष्टीच्या रक्षणासाठी आहेत.

आधी वाचन, मग वही

पहिल्याच दिवशी संगणक उघडून लिहायला बसू नये. आधी एक छोटा विषय निवडावा. नवीन सदस्य हटकून नायकाची नोंद लिहायला घेतात, आणि ती सर्वांत कठीण असते, कारण नायक प्रत्येक प्रकरणात असतो. त्यापेक्षा एखादी नदी, एखादी खानावळ, एखादी तलवार किंवा दोन-तीन प्रकरणांत येऊन जाणारे एखादे गौण पात्र घ्यावे. विषय ठरला की संबंधित प्रकरणे पुन्हा वाचावीत आणि प्रत्येक माहितीसाठी वहीत एक स्वतंत्र ओळ लिहावी. ओळीच्या डाव्या बाजूला माहिती आणि उजव्या बाजूला ती ज्या पुस्तकात आणि प्रकरणात आली तो संदर्भ, एवढी शिस्त पुरे.

संदर्भ देताना पृष्ठक्रमांकावर विसंबू नये. आपल्या भागात कोणाकडे इंग्रजी प्रत असते, कोणाकडे मराठी अनुवाद असतो, कोणी मोबाइलवर वाचतो, तर कोणी १८४८ पासून चालत आलेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी बसून टिपणे काढतो. या सर्वांचे पृष्ठक्रमांक जुळणे अशक्य आहे. प्रकरणे मात्र सर्वत्र तीच राहतात. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन खंडांत छापली गेली असली तरी तिची अंतर्गत रचना सहा पुस्तकांची असून त्यांत मिळून ६२ प्रकरणे आहेत. म्हणून 'पुस्तक ३, प्रकरण ११' असा संदर्भ लिहिला की निपाणीचा वाचक आणि खानापूरचा वाचक आपापल्या प्रतीत तीच जागा काढून पाहू शकतात.

कोणत्या ग्रंथाचा शब्द प्रमाण मानावा

या पायरीवर थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक चुकीच्या नोंदी इथेच जन्माला येतात. एकाच लेखकाने एकाच जगाविषयी लिहिलेले सर्व ग्रंथ सारख्या वजनाचे नसतात. टॉल्किन यांच्या बाबतीत त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके पहिल्या क्रमांकावर ठेवावीत. 'द सिल्मारिलियन' त्यांच्या निधनानंतर, १९७७ मध्ये, ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी संपादित करून प्रसिद्ध केले; त्याचे स्थान त्यानंतरचे. १९८० चे 'अनफिनिश्ड टेल्स' आणि १९८३ ते १९९६ या काळात बारा खंडांत आलेले 'द हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ' यांत अपुरे मसुदे आहेत. त्यांतील काही मसुदे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यांतून माहिती घेताना ती कोणत्या मसुद्यातील आहे हे नोंदीतच सांगावे लागते.

आवृत्तीही पाहावी. याच जगावरचे टॉल्किन यांचे आधीचे पुस्तक 'द हॉबिट' १९३७ मध्ये आले, तेव्हा त्याच्या पाचव्या प्रकरणातील गॉलम हा गुहेत राहणारा प्राणी कोड्यांच्या पैजेवर आपली अंगठी प्रामाणिकपणे लावतो आणि ती देता येत नाही म्हटल्यावर कथानायक बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढच्या कादंबरीत त्या अंगठीला जे भयंकर रूप आले, त्याच्याशी हा प्रसंग विसंगत ठरू लागला. म्हणून टॉल्किन यांनी १९५१ च्या आवृत्तीत हे प्रकरण बदलले, आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रस्तावनापर प्रकरणात जुनी हकीकत म्हणजे बिल्बोने सांगितलेली खोटी कहाणी होती असा खुलासाही केला. लेखकाने स्वतःची दुरुस्ती कथेतच सामावून घेतल्याचे इतके सुंदर उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही. कोशकर्त्याने मात्र यातून घ्यायचा धडा साधा आहे: 'द हॉबिट'च्या पाचव्या प्रकरणाचा संदर्भ देताना आवृत्तीचे वर्ष लिहिल्याशिवाय ती नोंद पूर्ण होत नाही.

चित्रपटांचा विषय वेगळा. आपल्या भागातील अनेक तरुण वाचक आधी चित्रपट पाहून मग पुस्तकाकडे वळले आहेत, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग वाचलेल्या प्रसंगापेक्षा मनात खोल रुतून बसतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरच्या २००१ च्या चित्रपटात जखमी नायक फ्रोडोला घोड्यावर घेऊन नदी ओलांडणारी आर्वेन आहे. पुस्तकात ग्लोरफिंडेल त्याला आपल्या आस्फालोथ या घोड्यावर बसवतो आणि फ्रोडो एकटाच नदी पार करतो (पुस्तक १, प्रकरण १२). बिल्बोच्या वाढदिवसाची मेजवानी आणि फ्रोडोचे गाव सोडणे यांच्यात पुस्तकात सतरा वर्षे जातात, चित्रपटात हा काळ जाणवतही नाही. चित्रपटातील माहिती कोशात हवी असेल, तर 'रूपांतरांत' असा स्वतंत्र भाग करून तेथेच लिहावी. मुख्य मजकुरात ती शिरू देऊ नये.

नावे आणि अक्षरे

मराठी कोशात सर्वांत जास्त वाद नावांच्या लेखनावरून होतात, आणि सीमाभागात ते अधिकच होतात, कारण येथे घरात मराठी, शाळेत कन्नड, दूरचित्रवाणीवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी असा प्रकार असतो. एकाच पात्राचे नाव चार जण चार तऱ्हेने लिहितात. हा वाद आवडीनिवडीवर सोडू नये. लेखकाने उच्चाराचा नियम दिला असेल तर तोच अंतिम मानावा. टॉल्किन यांच्या परिशिष्ट 'ई'नुसार एल्व्हिश (एल्फ लोकांच्या भाषांतील) नावांतील रोमन 'सी' या अक्षराचा उच्चार कोणत्याही स्वरापूर्वी 'क' असाच होतो. त्यामुळे 'सेलेबॉर्न' नव्हे, तर 'केलेबॉर्न'. 'सिर्दान' नव्हे, तर 'कीर्दान'. त्याच परिशिष्टात ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचेही नियम आहेत, आणि येथे कन्नड वाचता येणाऱ्या सदस्यांची मोठी मदत होते, कारण कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' व 'ओ' वेगळे दाखवता येतात, जे मराठी लेखनात होत नाही. अशा सदस्यांकडून उच्चाराची टीप लिहून घ्यावी.

कोणती नावे मराठीत आणायची आणि कोणती मूळ रूपात ठेवायची, यासाठीही टॉल्किन यांनी अनुवादकांसाठी लिहिलेले टिपण आहे, जे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिलेली नावे अर्थानुसार अनुवादित करावीत आणि न दिलेली जशीच्या तशी ठेवावीत, असे त्यांचे सांगणे आहे. गटाने हे टिपण एकदा एकत्र बसून वाचावे आणि निर्णयांचा तक्ता कोशाच्या एका स्वतंत्र पानावर लावून ठेवावा.

मुख्य नाव ठरले की बाकीच्या नावांसाठी पुनर्निर्देशनाची पाने करावीत. आरागॉर्नला स्ट्रायडर, एस्तेल, थोरोन्गिल आणि एलेस्सार अशीही नावे आहेत. शोधणाऱ्याने यांपैकी कोणतेही टाइप केले तरी तो एकाच पानावर पोहोचला पाहिजे.

याच ठिकाणी टंकलेखनाची एक बारीक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. 'दऱ्या' हा शब्द काही कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून तयार करतात, तर काही साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते भिन्न असतात. त्यामुळे 'डोंगर आणि दऱ्या' हा वर्ग (एका विषयाची पाने एकत्र दाखवणारी यादी) दोनदा तयार होतो, आणि अर्धी पाने एकात तर अर्धी दुसऱ्यात जाऊन बसतात. 'ॲ'चेही तसेच आहे: ते एकसंध अक्षर म्हणून लिहिता येते, तसेच 'अ'वर चंद्र देऊनही लिहिता येते. गटाने एकच कळफलक ठरवावा हे उत्तम; ते जमत नसेल, तर नवे पान किंवा वर्ग तयार करण्यापूर्वी आधीच्या पानावरून तो शब्द उचलून चिकटवावा. डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणलेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर तो युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय वापरू नये.

एक नोंद प्रत्यक्ष

समजा, तुम्ही 'पालान्तीर' हा विषय घेतला. हे दूरदर्शी गोल आहेत, आणि त्यांची माहिती कादंबरीभर विखुरलेली आहे. सारुमान या जादूगाराच्या मनोऱ्यातून एक गोल खाली फेकला जातो तो प्रसंग पुस्तक ३ च्या प्रकरण १० मध्ये आहे; पिपिन हा हॉबिट त्यात डोकावतो आणि जादूगार गँडाल्फ त्याला सातही गोलांविषयी सांगतो ते पुढच्याच प्रकरणात. आरागॉर्नने तो वापरल्याचे पुस्तक ५, प्रकरण २ मध्ये कळते, आणि डेनेथोरकडेही एक गोल होता हे त्याच पुस्तकाच्या प्रकरण ७ मध्ये. एवढ्यावर नोंद लिहिली तर चार गोलांचे काय झाले ते कळत नाही. त्यासाठी परिशिष्ट 'ए' उघडावे लागते.

वहीतील ओळी मग अशा होतात. गोंडोर राज्यात चार गोल: ओस्गिलियाथ, मिनास इथिल, मिनास आनोर आणि ओर्थान्क. आर्नोर राज्यात तीन: आन्नुमिनास, आमोन सूल आणि समुद्राकडे तोंड केलेल्या मनोऱ्यातील एलोस्तिरियोन. ओस्गिलियाथचा गोल तिसऱ्या युगाच्या १४३७ साली यादवी युद्धात नदीत बुडाला. आन्नुमिनास आणि आमोन सूल यांचे गोल १९७५ साली राजा आर्वेदुईबरोबर हिमसमुद्रात गेले. मिनास इथिल २००२ साली पडले आणि तेथील गोल शत्रूच्या हाती लागला. एलोस्तिरियोनचा गोल शेवटी एल्रोन्डच्या जहाजातून समुद्रापार गेला. सात गोल आणि सातांचाही हिशेब, प्रत्येकापुढे संदर्भ. अशा विखुरलेल्या ओळी एका तक्त्यात येतात तेव्हा जो आनंद होतो, त्यासाठीच मी या कामाची शिफारस करतो.

आता मजकूर थेट मुख्य पानावर न लिहिता आपल्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहावा. पहिल्या वाक्यात विषय म्हणजे काय ते सांगावे, आणि तो कादंबरीतील आहे हेही सांगावे. त्यानंतर कथेतील इतिहास भूतकाळात आणि कालक्रमाने लिहावा. प्रत्येक परिच्छेदाच्या नव्हे, तर प्रत्येक विधानाच्या शेवटी 'संदर्भ द्या' ही कळ वापरून पुस्तक-प्रकरण नोंदवावे. सनावळीत विशेष काळजी घ्यावी: शायर या हॉबिटांच्या प्रदेशातील कालगणना तिसऱ्या युगाच्या गणनेपेक्षा १६०० वर्षांनी मागे आहे, म्हणून युगाचे ३०१८ साल म्हणजे शायरचे १४१८. दोन्हींपैकी कोणती गणना आहे हे न लिहिलेला आकडा वाचकाची दिशाभूल करतो. कथेतील मोठे रहस्य उघड होणार असेल, तर पानाच्या माथ्यावर तशी सूचना देणारा साचा (तयार सूचनापट्टी) लावावा. शेवटी योग्य वर्ग जोडावेत, एका जुन्या सदस्याला वाचायला सांगावे, आणि मगच पान मुख्य जागेत हलवावे.

इंग्रजी कोशातील पान यंत्राकडून भाषांतरित करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. त्या पानातील चुकाही आपल्याकडे येतात आणि संदर्भ आपण स्वतः तपासलेले नसतात. शिवाय असे बहुतेक कोश मुक्त परवान्याखाली असले, तरी त्यांचा मजकूर वापरताना मूळ कोशाला श्रेय देणे आणि परवान्याच्या अटी पाळणे बंधनकारक असते.

मतभेद झाला तर

मोरियाच्या पुलावर गँडाल्फला आडव्या आलेल्या बालरोग या अग्निराक्षसाला पंख होते की नव्हते, हा वाद जगभरचे वाचक दीर्घकाळ घालत आले आहेत. पुस्तक २ च्या प्रकरण ५ मध्ये त्याच्याभोवतीची सावली आधी पंखांसारखी पसरल्याचे म्हटले आहे, आणि थोड्याच ओळींनंतर पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरल्याचे, या वेळी 'सारखे' न म्हणता. दोन्ही बाजूंचे वाचक याच प्रकरणाकडे बोट दाखवतात. कोशाने निकाल देऊ नये. दोन्ही वाक्यांत काय आहे ते सांगावे, वाचक त्यावरून कोणते दोन अर्थ काढतात ते लिहावे आणि थांबावे. शेताच्या बांधावरून तंटा झाला की उताऱ्यात काय लिहिले आहे ते आधी वाचतात, तसेच येथे करायचे.

काही वाद मात्र लेखकानेच मिटवलेले असतात. ग्लोरफिंडेल हे नाव 'द सिल्मारिलियन'मध्ये गोन्दोलिनच्या पाडावात मरण पावलेल्या वीराचे आहे, आणि तेच नाव हजारो वर्षांनंतर फ्रोडोला वाचवणाऱ्याचेही आहे. दोन्ही एकच, असे टॉल्किन यांनी उत्तरायुष्यातील टिपणांत लिहिले. ती टिपणे १९९६ च्या बाराव्या खंडात आहेत. अशा वेळी कोशात निर्णय लिहावा, पण तो कोठून आला तेही सांगावे.

चर्चा पानावर बोलण्याची रीत सांभाळावी. आमच्या गटात निवृत्त शिक्षक आहेत आणि महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेली मुलेही आहेत, आणि समोरासमोर ज्या आदराने बोलणे होते तोच लेखनातही राहावा अशी अपेक्षा असते. 'हे चूक आहे' असे म्हणण्यापेक्षा 'सर, या ओळीचा आधार कोणत्या प्रकरणात सापडेल?' किंवा 'ताई, हा प्रसंग चित्रपटातला तर नसेल ना?' असे विचारलेले बरे. वयाने मोठ्यांनीही विद्यार्थ्याची दुरुस्ती संदर्भासह आली असेल तर ती मान्य करावी. येथे मान वयाला मिळतो, पण निर्णय संदर्भाचा असतो. दुसऱ्याचा मजकूर उलटवण्यापूर्वी पानाचा इतिहास उघडून तो कोणी आणि का घातला हे पाहावे, आणि आपला बदल जतन करताना त्याचे कारण एका ओळीत लिहावे.

नक्कल आणि कायदा

चाहत्यांचे काम प्रेमाने केलेले असले तरी कायदा त्यालाही लागू होतो. हॅरी पॉटर मालेवर एका चाहत्याने तयार केलेला कोश छापण्याचे ठरले, तेव्हा जे. के. रोलिंग आणि वॉर्नर ब्रदर्स यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा दाखल केला. २००८ च्या निकालात न्यायालयाने असे संदर्भग्रंथ वाचकांना उपयुक्त असतात हे मान्य केले, परंतु त्या कोशात मूळ पुस्तकांतील शब्द प्रमाणाबाहेर जसेच्या तसे घेतले होते म्हणून प्रकाशनास मनाई केली. पुढे मजकूर सुधारून तो कोश २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे मार्ग मोकळा आहे, पण तो स्वतःच्या शब्दांचा आहे.

भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क टिकतात. टॉल्किन १९७३ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरचे हक्क भारतात २०३३ अखेरपर्यंत राहतील. समीक्षेसाठी छोटे अवतरण चालते. परिच्छेदच्या परिच्छेद उतरवणे चालत नाही. मराठी अनुवादाला तर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. नकाशे आणि चित्रे स्कॅन करून लावू नयेत. प्रवासाचा मार्ग दाखवायचाच असेल, तर मजकुरातील अंतरे व दिशा वाचून स्वतःचा साधा आराखडा काढावा.

जतन आणि पुढचे काम

खानापूरकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे मोठा मजकूर आधी फोनच्या किंवा संगणकाच्या टिपणवहीत लिहून नंतर चिकटवावा. दर महिन्याला एका सदस्याने संपूर्ण कोशाची निर्यात काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि निर्णयांच्या तक्त्याची छापील प्रत गटाच्या बैठकीत आणावी. संदर्भ नसलेल्या विधानांना तसा साचा लावून ठेवावा, म्हणजे नव्या सदस्याला लगेच काम मिळते: साचा लागलेली एक ओळ घ्यायची, पुस्तक उघडायचे, आधार सापडला तर नोंदवायचा, आणि नाही सापडला तर ओळ चर्चा पानावर हलवायची.

ज्यांना स्वतंत्र नोंद हवी असेल, त्यांनी परिशिष्ट 'डी'मधील शायरच्या दिनदर्शिकेपासून सुरुवात करावी. तीस दिवसांचे बारा महिने आणि कोणत्याही महिन्यात न मोजले जाणारे वरचे पाच दिवस अशी तिची मांडणी असून, तिची सर्व मूलभूत माहिती त्या एकाच परिशिष्टात मिळते.